नवी टर्बो गाडी: कोल्हापूरच्या रस्त्यांवरचे पहिले १५०० किलोमीटर

नवी गाडी दारात लागली की पहिला सल्ला ठरलेला असतो: "पहिले हजार किलोमीटर चाळीसच्या वर काढू नको." ॲम्बॅसेडर आणि पद्मिनीच्या जमान्यात तो बरोबर होता. नव्या इंजिनाचे भाग एकमेकांना जुळण्याचा हा काळ, त्याला रनिंग-इन म्हणतात. आजच्या एक लिटरच्या टर्बो पेट्रोल इंजिनाला (टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या वायूवर फिरून इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा पंखा) तो सल्ला अर्धाच लागू पडतो आणि उरलेला अर्धा नुकसान करतो. टॉपच्या गिअरमध्ये चाळीसने रखडणारी टर्बो गाडी आणि मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये साठला पोचून परत पस्तिसावर येणारी गाडी यांतली दुसरी इंजिनाला जास्त मानवते. का, ते पुढे येईलच.

माझी गाडी तीन सिलिंडरची, डायरेक्ट इंजेक्शनची (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणारी), सहा गिअरची मॅन्युअल. ताबा नोव्हेंबरात घेतला आणि १५०० किलोमीटर साधारण तीन आठवड्यांत पुरे केले. ओबीडी सॉकेटला (गाडीची तपासणी करायच्या खाचेला) ब्लूटूथचा स्कॅनर लावून मोबाइलवर दोनच आकडे बघत होतो: कूलंटचे तापमान आणि इनटेक मॅनिफोल्डमधला, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांमधला दाब. हा स्कॅनर स्वस्तात मिळतो आणि डॅशबोर्डवरच्या सगळ्या दिव्यांपेक्षा जास्त सांगतो.

आधी आत नेमके काय बसायचे असते ते. कोल्हापूरच्या उद्यमनगरात बोअरिंग-होनिंगच्या (सिलिंडर आतून कोरून-घासून देणाऱ्या) शॉपवर ज्याने सिलिंडरमध्ये डोकावून पाहिले आहे, त्याला त्या तिरक्या, एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेषा ओळखीच्या असतील. होनिंगचे दगड फिरत फिरत वर-खाली होतात, त्यातून ही जाळी उमटते. रेषांच्या खोबणीत ऑइल धरून राहते. रेषांच्या मधले उंचवटे नवे असताना टोकदार असतात आणि पिस्टनच्या रिंगांची धार त्यांच्यावर घासून दोन्ही एकमेकांना जुळतात. हल्ली कारखान्यातच हे उंचवटे आधी सपाट करून देतात, त्याला प्लॅटो होनिंग म्हणतात. त्यामुळे आपल्यासाठी उरलेले काम थोडे असते आणि त्यातले बरेचसे पहिल्या तीन-चारशे किलोमीटरमध्ये उरकते. ते तेवढ्यात नीट झाले तर झाले.

आता खरी गोम. रिंग सिलिंडरच्या भिंतीला दाबली जाते ती स्वतःच्या ताणाने थोडी आणि जळालेल्या वायूच्या दाबाने जास्त. वायू वरच्या रिंगच्या फटीतून तिच्या पाठीमागे शिरतो आणि तिला बाहेर ढकलतो. इंजिनावर भार नसेल तर हा दाबच तयार होत नाही. रिंग नुसती ऑइलच्या थरावरून घसरत राहते, थोडे ऑइल भिंतीवर भाजते, काचेसारखा गुळगुळीत थर बसतो आणि होनिंगच्या खोबणी बुजतात. त्याला ग्लेझिंग म्हणतात. एकदा ते झाले की इंजिन ऑइल खायला लागते, वायू खाली क्रँककेसमध्ये (इंजिनाच्या तळाच्या पेटीत) उतरतो आणि हेड उतरवून पुन्हा होनिंग करण्यावाचून इलाज राहत नाही. शेतीपंपाची ऑइल इंजिने बनवणाऱ्या कोल्हापूरला हे नवे नाही. नवे इंजिन नुसते भकभकत ठेवायचे नाही, पंपाला जोडून पाणी ओढायला लावायचे, आधी हलका भार आणि मग पुरा. मोटारीच्या इंजिनाचेही तेच आहे.

कंपन्यांच्या पुस्तिकाही वेगाबद्दल कमी आणि आरपीएमबद्दल (इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांबद्दल) जास्त बोलतात. ह्युंदाईची पुस्तिका पहिल्या १००० किलोमीटरसाठी २००० ते ४००० आरपीएम राखा आणि एकाच वेगाने फार वेळ चालवू नका म्हणते. फोक्सवॅगनची पुस्तिका पहिले १००० किलोमीटर कमाल आरपीएमच्या दोन-तृतीयांशाच्या वर जाऊ नका, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबू नका आणि १००० ते १५०० मध्ये हळूहळू वाढवा असे सांगते. आपल्या गाडीची पुस्तिका काय म्हणते ते आधी वाचावे. वॉरंटीत तीच चालते.

शोरूममधून बाहेर पडण्याआधी चार गोष्टी बघितल्या. ऑइलची पातळी डिपस्टिकवर, कूलंटची टाकीवर, उत्पादनाचा महिना आणि टायरमधली हवा. यार्डात गाड्या महिनोन्महिने उभ्या असतात, म्हणून टायरमध्ये हवा जास्त भरून ठेवतात. ४० पीएसआयच्या वर निघाली. दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे थंड टायरला ३३ केली. फुगलेल्या टायरवर नवे ब्रेक आणि नवी पकड दोन्ही चुकीची समजतात. पेट्रोल टाकी फुल न करता २० लिटर टाकले. सुरुवातीच्या फेऱ्या रिकाम्या गाडीनेच करायच्या होत्या.

कोल्हापुरात नवी गाडी पहिल्यांदा अंबाबाईला जाते, नाहीतर ज्योतिबाला. जायलाच हवे. फक्त महाद्वाराच्या आसपास पार्किंगसाठी एसी लावून अर्धा तास इंजिन चालू ठेवणे ही पहिल्या दिवसाची सगळ्यात वाईट सुरुवात. बिंदू चौकात गाडी लावून इंजिन बंद केले, दर्शन, पूजा, लिंबू, नारळ सगळे उरकले आणि परत येऊन थेट फुलेवाडीचा रस्ता धरला.

रोजची सुरुवात पुढच्या १५०० किलोमीटरभर एकच. बटण दाबल्यावर थंड इंजिन साधारण १२०० आरपीएमवर चढते, कारण त्याला धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लवकर तापवायचा असतो. वीस-तीस सेकंदांत ते खाली उतरायला लागले की निघायचे. उभ्याने गरम करत बसायचे नाही. कूलंट ८० अंशांवर जाईपर्यंत २५०० आरपीएमच्या आत आणि ॲक्सिलरेटर हलका. सकाळच्या गारव्यात याला चार-पाच किलोमीटर लागले. इथे बहुतेकांची गफलत होते. काटा मध्यावर आला म्हणजे कूलंट गरम झाले, ऑइल त्याच्या मागून येते. त्यामुळे काटा मध्यावर आल्यावरही आणखी पाच-सहा किलोमीटर शांतपणे जाऊ दिले. टर्बोचा दांडा मोठ्या भाराखाली मिनिटाला दोन लाखांच्या आसपास फेरे घेतो आणि तो नुसत्या ऑइलच्या थरावर तरंगत असतो. थंड, घट्ट ऑइलवर त्याला तसे पळवायचे नाही.

गगनबावड्याचा रस्ता या कामाला छान. रंकाळ्याहून फुलेवाडी, बालिंगे आणि कळ्याच्या पुढे साळवणपर्यंत रस्ता बराचसा सपाट आहे. मोठे ट्रक हायवेच्या मानाने कमी आणि वळणांमुळे वेग आपोआप बदलत राहतो. सकाळी साडेसहाला निघालो की आठच्या आत मोकळा रस्ता मिळायचा. मागे-पुढे कोणी नसेल तेव्हा तिसरा गिअर, २००० आरपीएम म्हणजे साधारण पस्तीसचा वेग. तिथून ॲक्सिलरेटर अर्ध्यापर्यंत, एकदम नाही, पण ठामपणे. ३५०० आरपीएमला साधारण साठ. मग पाय पूर्ण उचलायचा, ब्रेक नाही, क्लच नाही, गाडी त्याच गिअरमध्ये परत २००० वर येऊ द्यायची. चढताना मॅनिफोल्डचा दाब १२० ते १४० किलोपास्कल दिसत होता आणि पाय उचलला की तिसाच्या आसपास पडत होता. कोल्हापूरच्या उंचीवर बाहेरच्या हवेचा दाब ९५ च्या आसपास असतो, त्यामुळे ९५ च्या वर जे काही दिसते ते टर्बोचे. भाराखाली रिंग भिंतीला दाबते आणि पाय उचलल्यावर सिलिंडरमध्ये जी पोकळी तयार होते ती ऑइल वर ओढून घासलेला बारीक चुरा धुऊन नेते. दोन्ही बाजू हव्यात, म्हणून नुसता वेग वाढवत नेण्यात अर्थ नाही. अशा आठ-दहा खेपा, मग दहा मिनिटे साधे चालवणे, मग चौथ्या गिअरमध्ये पुन्हा. पहिल्या तीनशे किलोमीटरमध्ये चार सकाळी हेच केले.

नोव्हेंबरात या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या सुरू होतात. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, वर उसाची मोळी लोंबकळणारी, वेग वीसच्या आत. टर्बो इंजिनाला खरा धोका याच ट्रॉलीमागे आहे. आपण तिसऱ्या गिअरमध्ये बाराशे आरपीएमवर रखडत असतो, समोरचा रस्ता मोकळा दिसतो आणि गिअर न बदलता पाय तळाला जातो. कमी आरपीएम आणि पूर्ण भार ही जोडी लहान डायरेक्ट इंजेक्शन टर्बोला सगळ्यात घातक. टर्बो लगेच दाब देतो, पण पिस्टन हळू चाललेला असतो. रिंगच्या वरच्या खाचेतून उडालेला ऑइल-पेट्रोलचा थेंब स्पार्कच्या आधीच पेटतो आणि सिलिंडरमधला दाब एकदम कितीतरी पटीने वाढतो. हातोडा मारल्यासारखा एकच टणत्कार ऐकू येतो. असे वारंवार झाले तर रिंगांमधल्या पिस्टनच्या कडा तुटतात. नव्या इंजिनात रिंगा अजून पुऱ्या बसलेल्या नसतात, म्हणून जास्त जपायचे. उपाय साधा आहे: दुसरा टाका, आरपीएम २००० च्या वर आणा, मगच पाय द्या. इंजिन ओरडते म्हणून शेजारी बसलेले कुरकुरतील, कुरकुरू दे.

ऑइलचा याच्याशी थेट संबंध आहे. २०१८ मध्ये एपीआयने (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) ऑइलची एसएन प्लस ही श्रेणी आणली आणि २०२० मध्ये एसपी, दोन्हींत या अवेळी पेटण्याची चाचणी आहे. ऑइलमधल्या कॅल्शियमच्या डिटर्जंटने हा प्रकार वाढतो, मॅग्नेशियमच्याने वाढत नाही, असे दिसून आल्यावर ऑइलची घडण बदलली. म्हणून वरून टाकायचे ऑइल डब्यावर एपीआय एसपी आणि पुस्तिकेत दिलेला ग्रेड पाहूनच घ्यावे. "त्यापेक्षा भारी आहे, घट्ट आहे" म्हणून काउंटरवर पुढे केलेले घेऊ नये.

तीनशे किलोमीटरनंतर पन्हाळा. शिवाजी पूल ओलांडून केर्ली, पुढे वाघबीळ आणि तिथून चढ. शहरापासून गडापर्यंत सुमारे चारशे मीटरची चढण आहे, म्हणजे न पळवताही भार मिळतो. चढ दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, २५०० ते ३५०० च्या दरम्यान, ॲक्सिलरेटर निम्म्याच्या थोडा वर. उतरताना तिसरा किंवा दुसरा, पाय पूर्ण वर, ब्रेक गरजेपुरताच. उतारावर गाडी न्यूट्रलला टाकून पेट्रोल वाचवण्याची सवय कोणाला असेल तर ती सोडावी. गिअरमध्ये पाय उचलल्यावर इंजेक्शन तसेही बंदच असते आणि न्यूट्रलला आयडलिंगचे पेट्रोल जळते.

चढ संपल्यावर इंजिन कसे बंद करायचे यावर बराच गोंधळ ऐकू येतो. भाराखाली पेट्रोल टर्बोच्या टर्बाइनमधून जाणारा वायू ९०० अंशांच्या आसपास असतो. इंजिन बंद केले की ऑइलचा प्रवाह त्या क्षणी थांबतो, पण टर्बाइनची उष्णता बेअरिंगकडे सरकत राहते आणि तिथे अडकलेल्या ऑइलचा कोळसा होतो. आजच्या बहुतेक टर्बोंमध्ये बेअरिंगभोवती कूलंट फिरते आणि इंजिन बंद झाल्यावरही इलेक्ट्रिक पंप काही वेळ ते फिरवत ठेवतो. बॉनेटखालून येणारा घूं आवाज तोच असतो, कधी पंखाही फिरतो. त्यामुळे राजारामपुरीत भाजी आणायला गेल्यावर दोन मिनिटे आयडलिंग करत बसण्याची गरज नाही. पन्हाळ्यावर नाक्यापासून पार्किंगपर्यंत हळूहळू जाण्यातच टर्बो निवतो. मात्र चढ अर्ध्यावर असताना चहासाठी टपरीला गाडी लावली, तर एक मिनिट चालू ठेवूनच बंद करावी. याच कारणाने ऑटो स्टार्ट-स्टॉपचे बटण दर वेळी निघताना बंद केले. घाट चढून आल्यावर नाक्याच्या रांगेत इंजिनाने आपोआप बंद होऊ नये एवढेच.

अशा काही गोष्टी दिसल्या ज्यांना घाबरण्याचे कारण नव्हते. पहिल्या शे-दोनशे किलोमीटरमध्ये बॉनेटमधून जळका वास येतो. एक्झॉस्टवरचे आणि सुट्या भागांवरचे संरक्षक मेण जळत असते. गोडसर वास आला तर मात्र तो कूलंटचा, तिथे थांबून टाकी तपासावी. टकटक आवाज डायरेक्ट इंजेक्टरचा. बारीक शीळ टर्बोची. पाय दिल्यावर फुस्स असा हवा सुटल्याचा आवाज आणि पिकअप गेलेला, हे मात्र इंटरकूलरच्या (टर्बोची हवा थंड करणाऱ्या भागाच्या) पाइपचा क्लॅम्प सैल असल्याचे लक्षण. त्या पाइपात ऑइलचा पातळ ओलावा दिसतो, तो क्रँककेसच्या ब्रीदरमधून (वायू बाहेर सोडणाऱ्या नळीतून) येतो आणि नॉर्मल आहे.

डिपस्टिक दर तीनशे किलोमीटरला पाहिली. सपाट जागा, इंजिन गरम, बंद करून दहा मिनिटांनी, पुसून पुन्हा घालून. नवे इंजिन थोडे ऑइल खाते. काही कंपन्या १००० किलोमीटरला अर्ध्या लिटरपर्यंत चालते म्हणतात, पण एवढे खाल्ले तर मी तरी सर्व्हिस सेंटरला लेखी नोंद करून ठेवीन. उलट पातळी वर गेली तर जास्त लक्ष द्यावे. थंड इंजिनावर दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्या झाल्या की जास्तीचे पेट्रोल भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरते, ऑइल पातळ होते आणि त्याला पेट्रोलचा वास येतो. रोज शाहूपुरी ते महाद्वार आणि परत एवढीच गाडी चालत असेल, तर आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास सलग, गरम इंजिनावर चालवायला हवी. साठलेले पेट्रोल त्यात उडून जाते.

पुण्याला जायचे ते सहाशे किलोमीटरनंतरच गेलो. नव्या गाडीचा पहिलाच प्रवास पुण्याचा आणि क्रूझ कंट्रोलवर १०० धरून असेल, तर तिथे वेग जास्त हा दोष नसतो, तीन-चार तास एकच आरपीएम आणि एकच भार हा असतो. तावडे हॉटेलहून हायवेला लागल्यापासून क्रूझ बंद, दर पाच-सात मिनिटांनी वेग ८० ते १०० मध्ये बदलता, कधी सहावा तर कधी पाचवा.

ब्रेकचे थोडक्यात. पहिल्या तीनशे किलोमीटरमध्ये जोराचे ब्रेक टाळले आणि मोकळ्या रस्त्यावर ६० वरून २० पर्यंत मध्यम दाबाने दहा-बारा वेळा आणले, दोन वेळांच्या मध्ये थंड होऊ दिले. नव्या टायरला पकड यायला साधारण पाचशे किलोमीटर द्यावेत. क्लचवर पाय ठेवून चढावर गाडी धरायची नाही, हँडब्रेक त्यासाठीच आहे.

८०० नंतर ४५०० आरपीएमपर्यंत, १२०० नंतर कधीमधी ५०००, तेही गरम इंजिनावर आणि दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्येच. पूर्ण ॲक्सिलरेटर पहिल्यांदा १३०० ला दिला, २५०० आरपीएमच्या वर असताना. तोवर पिकअपमधला खरखरीतपणा गेला होता आणि पाय उचलल्यावर गाडी पहिल्यापेक्षा मोकळी धावत होती.

ज्यांची गाडी ऑटोमॅटिक आहे त्यांच्यासाठी एक महत्त्वाचे. डी मोडमध्ये गिअरबॉक्स पेट्रोल वाचवण्यासाठी लवकर वरचा गिअर टाकतो आणि इंजिन १४००-१५०० वर ठेवतो, म्हणजे नेमके जिथे नको तिथे. या काळात मॅन्युअल किंवा स्पोर्ट मोड वापरून २००० च्या वर राहावे. डिझेल टर्बोसाठी तत्त्व तेच, फक्त पट्टा खालचा: १५०० ते ३०००.

ताकद वाढवण्यासाठी चिप लावणे किंवा रिमॅप करणे (इंजिनाच्या संगणकातली मांडणी बदलणे) या टप्प्यात पूर्णपणे टाळावे. रिंगा बसायच्या आत टर्बोचा दाब वाढवला तर वर सांगितलेले सगळे धोके एकदम अंगावर येतात आणि वॉरंटी जाते.

पहिल्या सर्व्हिसला ऑइल बदलावे का? बऱ्याच कंपन्या पहिली तपासणी १००० किंवा १५०० ला करतात, पण ऑइल १०,००० किंवा १५,००० लाच बदलतात. काउंटरवर "गरज नाही" असेच सांगितले जाते. माझे मत बदलावे असे आहे. सुरुवातीच्या काळात घासलेले लोखंड आणि बेअरिंगचे धातू ऑइलमध्ये सर्वांत जास्त असतात आणि फिल्टरमधून निसटणारे बारीक कण पुढचे हजारो किलोमीटर फिरत राहतात. ऑइलच्या चाचणीत नव्या इंजिनात सिलिकॉनही जास्त निघते. ते बहुतेक वेळा सांध्यांच्या सीलंटमधून आलेले असते, त्यावरून एअर फिल्टर गळतो असा निष्कर्ष काढू नये. एक लिटरच्या इंजिनाला साडेतीन ते चार लिटर ऑइल लागते. त्याच ग्रेडचे, त्याच मान्यतेचे ऑइल, नवा ओरिजनल फिल्टर, ड्रेन प्लगचा नवा वॉशर आणि प्लग टॉर्क रेंचनेच. पान्याने ताकद लावून आवळला तर ॲल्युमिनियमच्या संपचे (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीचे) आटे जातात. इंजिन फ्लश (इंजिन आतून धुण्याचे द्रव) घालू दिला नाही. जॉब कार्डावर ऑइलचा ग्रेड आणि किलोमीटर लिहून घेतले.

निघालेले ऑइल उन्हात धरले तर चंदेरी धुक्यासारखी चमक दिसली, ती अपेक्षित. फिल्टर कापून कागद पसरला आणि नखाला लागतील असे कण आहेत का ते पाहिले, नव्हते. असते तर तो कागद आणि फोटो घेऊन त्याच दिवशी तक्रार नोंदवायची.

रिंगा बसल्या की नाही याची खरी तपासणी मात्र यानंतरची. १५०० ला नवे ऑइल वरच्या खुणेपर्यंत भरले, घरी सपाट फरशीवर पातळी पाहून डिपस्टिकचा फोटो काढला. ३००० ला त्याच जागी, त्याच पद्धतीने पुन्हा पाहिली. पातळी तिथेच होती आणि ऑइलला पेट्रोलचा वास नव्हता.